बिअरचे शहर, पण चव कुठली? : एक थ्रेड

१/
छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगाव लागते. याच मार्गाने जायकवाडीचे पाणी शहराकडे येते. शहराच्या पश्चिमेस असलेल्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील बिअरचे कारखानेही जायकवाडीवरच अवलंबून आहेत. देशातील मोठ्या बिअर-केंद्रांत या जिल्ह्याची गणना होते. तरीही इथल्या बाटलीला इथली चव नाही. ही चव हरवली कशी, याचा हा धांडोळा.

२/
आज तरुण ग्राहकापुढे दोन गोष्टी 'नवीन' म्हणून येतात : लिंबू, आंबा किंवा मसाल्याचा स्वाद दिलेली हलकी बिअर आणि लहान भट्टीत सिद्ध झालेली 'क्राफ्ट' बिअर. दोहोंतील खरा भेद स्वाद असण्या-नसण्याचा नाही. तो स्वाद कुठून येतो, हा आहे.

३/
कारण स्वाद घालणे ही प्राचीन गोष्ट आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तांदळापासूनचे 'मेदक', पिठापासूनची 'प्रसन्ना' यांची प्रमाणे त्यात दिली असून किण्वात मिसळावयाची सुगंधी द्रव्येही सांगितली आहेत. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्येही धणे आणि संत्र्याची साल पडते. तिथे स्वाद मूळ पाककृतीचाच भाग असतो.

४/
कारखानी बिअरची वाट वेगळी. १८४२ मध्ये पिल्सेन येथे योझेफ ग्रोल याने सोनेरी लागर तयार केली आणि ती जगभर पसरली. अमेरिकेत मका व तांदूळ घालून ती आणखी सौम्य झाली. प्रत्येक बाटली अगदी सारखी काढणे हे मोठे कसब आहे, यात शंका नाही. पण ते सारखेपणाचे कसब आहे.

५/
पुढे रसायनज्ञ जोसेफ ओवेड्स यांनी विकराच्या साहाय्याने उरलेली पिष्टमय द्रव्येही आंबवण्याची युक्ती काढली. १९६७ मध्ये तिच्यावर आधारलेली 'आहारी' बिअर अमेरिकेत आली. ती फारशी चालली नाही. १९७५ मध्ये 'मिलर लाइट' देशभर विक्रीस आली आणि तिने बाजार जिंकला.

६/
उष्मांक घटले, त्याबरोबर धान्याचा भरीवपणाही गेला. ही पोकळी भरण्यास बाहेरून स्वाद आला. 'बड लाइट लाइम' २००८ ची. धान्यातून जे काढून घेतले, त्याची भरपाई लिंबाने करायची, असा हा व्यवहार आहे. भारतातील स्वादयुक्त बाटल्या याच वाटेवरच्या आहेत.

७/
महाराष्ट्रात स्थानिक चव आणखी एका कारणाने मागे पडली. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडी-माडी आणि मोहाची दारू सरकारी परवाने, कर व मक्ते यांच्या चौकटीत आली. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यातील मोहफुलांवरही निर्बंध आले. चितेगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आबकारीचे मक्ते तिथेही होतेच.

८/
त्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. बंदी पुढे सैल झाली. परवान्याची चौकट राहिली. अशा चौकटीत मोठे भांडवल टिकते, घरगुती ज्ञान टिकत नाही. लोकांच्या हातची आंबवण्याची कला 'अवैध' ठरली आणि कारखान्याची बाटली 'आधुनिक'.

९/
कायदेशीर लहान भट्ट्या फार उशिरा आल्या. पुण्यातील 'डूलाली' २००९ ची. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले. तिथल्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांमुळे 'डूलाली' हा इंग्रजीत वेडेपणाचा शब्द झाला.

१०/
मात्र 'क्राफ्ट' हा शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. शिकागोची नावाजलेली 'गूज आयलंड' २०११ मध्ये बलाढ्य कंपनीने विकत घेतली. नाव तेच राहिले. म्हणून लेबलापेक्षा धान्य कुठले, आंबवले कोणी, स्वाद कोणत्या टप्प्यावर पडला, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

११/
मराठवाड्यात हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात मोठ्या कपातीचा आदेश दिला. दर लिटरमागे पाणी वाचवण्यात मोठे कारखाने बहुधा लहान भट्ट्यांच्या पुढे असतात, हेही मान्य करावे लागेल.

१२/
पण हिशेब इथे संपत नाही. बार्ली प्रामुख्याने राजस्थान-उत्तर प्रदेशातली, हॉप्स बहुतांशी परदेशी, ब्रँड बाहेरचे. इथून रोजगार आणि महसूल उभा राहतो, हे खरे. तथापि शेतकऱ्याचे धान्य त्या पिंपात नाही. त्याच्या वाट्याचे पाणी मात्र आहे.

१३/
नायजेरियाने १९८८ पासून बार्ली-मॉल्टच्या आयातीवर बंदी घातली. तिथले मोठे कारखाने ज्वारी-मक्याकडे वळले आणि ज्वारीची लागर बाजारात रुळली. ज्वारी हे मराठवाड्याचे अन्न. माणसाच्या भाकरीला आणि गुरांच्या कडब्याला बाधा न येता तिचा थोडा हिस्सा लहान भट्ट्यांकडे गेला, तर त्या बिअरला इथली म्हणता येईल.

१४/
पिणे किंवा न पिणे हा ज्याचा त्याचा निर्णय; महाराष्ट्रात बिअरसाठी कायद्याने किमान वय २१ आहे. परंतु दुष्काळी प्रदेशाने पाणी द्यायचे आणि मोबदल्यात लिंबाच्या वासाची, कुठेही बनू शकेल अशी बाटली घ्यायची, हा सौदा न्याय्य नाही. खरी क्राफ्ट बिअर या प्रदेशाला निदान धान्याचा आणि कसबाचा वाटा देऊ शकते. तिची बाजू घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.