दिवस राहण्याआधी सांगा

फिट येणाऱ्या शाळकरी मुलीला डॉक्टर व्हॅल्प्रोएटची गोळी लिहून देतात, फिट थांबतात, घरच्यांना हायसे वाटते. पुढे वर्षानुवर्षे त्याच चिठ्ठीवर गोळ्या आणल्या जातात. या गोळीवर असताना दिवस राहिले तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, दहापैकी तीन ते चार मुले बोलण्या-शिकण्यात मागे पडू शकतात, हे तिला कुणी सांगितलेले असते का? अनेकींना ते कळते पाळी चुकल्यावर. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मात्र गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. चाचणी करून दवाखाना गाठेपर्यंत ती वेळ बहुधा निघून गेलेली असते.

ही माहिती नवी नाही. फ्रान्समध्ये हे औषध १९६७ मध्ये आले. १९८२ मध्ये तिथल्याच ल्यों शहरातून स्पायना बायफिडा या मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगाशी त्याचा संबंध असल्याचे पुढे आले. तरीही ब्रिटनमध्ये गर्भनिरोधनाची खात्री केल्याशिवाय ते स्त्रियांना देऊ नये, असा नियम व्हायला २०१८ उजाडले. बायकांचे कुणी ऐकूनच घेतले नाही, असा ठपका या औषधाचीही चौकशी करणाऱ्या २०२० च्या कम्बरलेज अहवालाने तिथल्या आरोग्ययंत्रणेवर ठेवला.

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे, लपवाछपवीचा. विवाह रद्द ठरवण्याच्या कारणांतून अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, हिंदू विवाह कायद्यातील दुरुस्तीने १९९९ मध्ये काढून टाकला, पण ‘स्थळ मोडेल’ ही भीती गेलेली नाही. मग सासरी गोळ्यांची पाकिटे साडीच्या घडीत जातात, डोस चुकतात, आणि दिवस राहिल्याचे कळताच धास्तीने गोळी एकदम बंद होते. असे कदापि करू नये. अचानक औषध सोडल्याने येणारी मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

योग्य उपचार घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुले होतात, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरासिटाम या फिटवरच्या दुसऱ्या औषधांचा धोका बराच कमी आहे. पण औषध बदलायला, डोस बसवायला काही महिने लागतात. फॉलिक ॲसिडही गर्भधारणेआधीच सुरू करायचे असते. म्हणून पहिली चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांनी मुलीशी आणि तिच्या आईशी बोलावे, लग्न ठरल्यावर पुन्हा बोलावे. आणि व्हॅल्प्रोएटच्या प्रत्येक पाकिटावर ठळक मराठीत इशारा छापणे सरकारने सक्तीचे करावे.