कस मातीचा, कस भाषेचा

तलमडुगूच्या शिवारात दोन शेतकरी भेटले की पहिली चौकशी पावसाची आणि दुसरी जमिनीच्या कसाची. हा ‘कस’ शब्द रोज आपल्या तोंडी असतो. पण तो आला कोठून, याचा विचार क्वचितच होतो.

संस्कृतात ‘कष्’ म्हणजे घासणे. त्यावरून सोने घासून पाहण्याच्या दगडाला ‘कष’ किंवा ‘निकष’ म्हणू लागले आणि ‘कषपट्टिके’ची आपली ‘कसोटी’ झाली. सराफ दगडावर उमटलेली रेघ पाहून सोन्याचे मोल ठरवतो. परीक्षेचे हे नाव पुढे परीक्षेत उतरणाऱ्या गुणालाच मिळाले. म्हणून कस म्हणजे वरची झिलई नव्हे, अंगचे सत्त्व. बावनकशी सोने, कसदार जमीन हे त्यातूनच आले. सत्त्वहीन ते ‘निकस’. ‘निकष’शी त्याची गल्लत करू नये. जमीन ‘कसणे’ मात्र वेगळ्या कुळातले. त्याचे नाते नांगरटीच्या ‘कृष्’ धातूशी आहे.

आपले तेलुगू शेजारी कसोटीच्या दगडाला ‘गीटुरायि’, म्हणजे रेघेचा दगड, म्हणतात. अंगच्या बळाला ते ‘सत्तुव’ म्हणतात. तो आपल्या ‘सत्त्वा’चाच भाऊ. कापसाची काळी माती त्यांची ‘रेगडी’, आपली ‘रेगड’.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट व राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्रात राहिले आणि 2014 साली तेलंगणात आले. मराठी मात्र पैनगंगेच्या दोन्ही काठांवर नांदत राहिली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, याचा आम्हांला आनंद आहे. तथापि नदीपलीकडचे पाहुणे आपल्या बोलीला ‘भेसळ’ म्हणून हसतात आणि आपली मुले चारचौघांत मराठी बोलायला लाजतात, हे त्या दर्जाने थांबणार नाही.

शेजाऱ्याचा शब्द घेतल्याने भाषेचा कस जात नाही. पीक काढत राहिलो आणि शेणखत घातले नाही की जमीन निकस होते, भाषेचेही तसेच. मुलांनी तेलुगू शिकावी, इंग्रजीही शिकावी. पण रोज संध्याकाळी घरात एक पान मराठी मोठ्याने वाचले जावे, आणि आजीआजोबांच्या तोंडचे शेतीचे शब्द नातवंडांनी वहीत उतरवून घ्यावेत. हे खत आपल्याच घरात आहे. ते घालण्यासाठी कोणत्याही सरकारच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.