भिंतीच्या टोकाला काय आहे?

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि केंद्रापासून सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या बँकॉकमध्ये सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची तीसेक मजल्यांची, बांधकाम चालू असलेली इमारत काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. शहरातले बाकीचे टॉवर हलले, काहींना तडे गेले, गच्चीवरच्या तलावांतलं पाणी रस्त्यावर सांडलं. पण ते उभे राहिले. पुढे चौकशीत बोट ठेवलं गेलं ते लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींवर.

या भिंतींना अभियंते ‘शिअर वॉल’ म्हणतात. पायापासून गच्चीपर्यंत सलग जाणारी, आत सळयांची जाळी असलेली आरसीसीची भिंत. वारा आणि भूकंप इमारतीला आडवा धक्का देतात, तो मुख्यतः हीच भिंत सोसते. मुंबई, ठाणे, पुण्यातले नवे टॉवर याच भिंतींच्या भरवशावर उभे आहेत. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओतण्याची पद्धत, जिला आपल्याकडे सरसकट ‘मायवान’ म्हणतात, तिच्यात तर घरातल्या बहुतेक भिंती भार पेलणाऱ्या असतात. त्यामुळे ही भिंत कुठे आणि कशी मोडते, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी धरून तिचं वरचं टोक ढकलून पाहा. एक कड ताणली जाते, दुसरी दाबली जाते. भूकंपात भिंतीचं तेच होतं, फक्त कडा पुन्हा पुन्हा बदलत राहतात. ताण सळया घेतात, दाब काँक्रीट घेतं. सर्वांत जास्त दाब येतो तो तळमजल्यावर किंवा तळघरात, भिंतीच्या दोन्ही टोकांना. तिथलं काँक्रीट फुटलं की उघड्या पडलेल्या उभ्या सळया वाकतात आणि भिंत खचते. हे टाळण्यासाठी टोकाच्या सळयांना जवळजवळ रिंगा घालून आतलं काँक्रीट आवळून धरायचं असतं. मोडलेल्या हाडाला प्लास्टर हालू देत नाही, तशा या रिंगा फुटू पाहणाऱ्या काँक्रीटला जागेवर ठेवतात.

रिंगांचं मोल चिलीने किंमत मोजून ओळखलं. १९८५ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. बिन्या देल मार शहरातल्या भरपूर शिअर वॉल असलेल्या इमारतींनी तो फारसं नुकसान न होता सोसला. त्यांच्या भिंतींच्या टोकांना दाट रिंगा नव्हत्या. निष्कर्ष निघाला की आपल्या पद्धतीच्या इमारतींना रिंगांची गरज नाही. १९९६ च्या संहितेने अमेरिकी नियमांतली ती अट चिलीपुरती वगळली.

दरम्यान इमारती बदलत होत्या. मजल्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने भिंतींचं प्रमाण जुनंच राहिलं, पण मजले वाढले आणि भिंती पातळ झाल्या. काही ठिकाणी त्या जेमतेम १५ ते २० सेंटिमीटरच्या होत्या. म्हणजे प्रत्येक भिंतीवरचा दाब वाढला. भरीला, खाली पार्किंगला जागा हवी म्हणून वरची लांब भिंत तळघरात आखूड केली जाऊ लागली. जिथे दाब सर्वाधिक, तिथेच भिंत कमी.

२७ फेब्रुवारी २०१० च्या पहाटे ८.८ तीव्रतेचा भूकंप आला. चिलीतल्या बहुसंख्य उंच इमारती टिकल्या, हे त्या देशाच्या शिस्तीचं फळ. पण अनेक नव्या टॉवरच्या खालच्या मजल्यांवर भिंतींची टोकं चिरडलेली आढळली. आडव्या सळया टोकाशी फक्त काटकोनात वाकवलेल्या होत्या. वरचं काँक्रीट गळताच ते आकडे उघडले. कॉन्सेप्सिओन शहरातली ‘आल्तो रिओ’ ही १५ मजली नवी इमारत तर आडवीच झाली आणि आठ माणसं गेली. चिलीने पुढच्याच वर्षी नियम बदलले: भिंतीवरच्या दाबाला मर्यादा, जाडीची अट, टोकांना रिंगा. २०१५ मध्ये ८.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा उंच इमारतींचं नुकसान फार थोडं होतं.

डॉक्टरला ही गोष्ट ओळखीची वाटते. एका डोसवर पेशंट बरा राहिला, तर तो बरा का राहिला हे विचारावं लागतं. १९८५ च्या इमारती रिंगांशिवाय टिकल्या, कारण त्यांच्या भिंतींवर दाबच कमी होता. पेशंटचं वजन दुप्पट झाल्यावर डोस तोच ठेवणं आणि ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ म्हणणं, ही चूक चिलीत झाली. तिचा हिशेब शेवटी रुग्णालयात येतो. ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं, हृदय बंद पडू शकतं, मूत्रपिंडं निकामी होतात. सलाइन आणि डायलिसिस हाती असूनही यातले काही जण वाचत नाहीत.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. शिअर वॉलच्या टोकांवर दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जात असेल तर तिथे दाट रिंगा घाला आणि त्यांचे आकडे १३५ अंशात आत वळवा, असं भारतीय मानक १३९२० सांगतं. २०१७ पासून उंच इमारतींसाठी वेगळं मानकही आहे. मुंबई, पुणे मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात धरले गेले, म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. अहमदाबादही तिसऱ्याच विभागात होतं; २००१ मध्ये भूकंपाचं केंद्र दोनशे किलोमीटरहून दूर असूनही तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता.

घर घेणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत. वरच्या भिंती पोडियम आणि पार्किंगमधून तशाच पायापर्यंत जातात का? आणि स्ट्रक्चरल आराखडा त्रयस्थ अभियंत्याने तपासला आहे का? राहत्या सोसायटीने दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, नूतनीकरणात दार रुंद करायला किंवा एसीचा पाइप न्यायला भार पेलणारी भिंत कापू देऊ नये. दोन, पार्किंगमधल्या भिंतींच्या टोकांवर गंज, ओल किंवा पोपडे दिसले तर रंग देऊन झाकू नयेत. सर्वाधिक दाबाची जागा तीच असते आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत सळया लवकर गंजतात.

आदर्श उपविधींनुसार १५ वर्षांहून जुन्या इमारतींचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. पण ऑडिटला तडे आणि गंज दिसतो. आत रिंगा किती आहेत, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहज कळत नाही. ते कळतं सळयांच्या नकाशांवरून, आणि अनेक सोसायट्यांकडे ते नकाशे नसतातच. बिल्डरकडून ताबा घेताना कन्व्हेयन्सइतक्याच आग्रहाने ते मागून घ्यावेत आणि कार्यालयातल्या कपाटात जपून ठेवावेत. पुढे कधी इमारत तपासायची वेळ आली, तर अभियंता पहिल्यांदा तेच मागेल.