सांध्याची वाट ओळखा

आपले सगळे सांधे सारखे वळत नाहीत. कोणता कुठे वळतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. बरीच दुखणी त्यानेच टळतील.

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा. मिटतो आणि उघडतो. अंगाचा भार त्याच्यावर असताना त्याला पीळ सोसत नाही. भरलेली बादली उचलली की आधी पाऊल वळवा, मग अंग.

कोपरही तसंच मिटतं. पण तिथेच आणखी एक सांधा आहे, तळहात उताणा-पालथा करणारा. लहान मुलांत या सांध्याचं हाड धरून ठेवणारी कडी सैल असते. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलाला एका हाताला धरून उचलू नका, रस्त्यात हिसका देऊन ओढू नका. हाड कडीतून सरकतं. मूल रडतं आणि हात लोंबता ठेवतं. अशा वेळी चोळू नका, ओढून बसवायला जाऊ नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. बहुतेकदा ते क्षणात बसवतात.

मान वळते त्यातलं निम्मं वळणं वरच्या दोन मणक्यांत होतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन नसा तिथूनच जातात. दाढी झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची सवय पुष्कळांना आहे. कृपा करून ती सोडा. हिसक्याने नस आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. कारागिराला आधीच सांगून ठेवा, मानेला हात लावू नका म्हणून.

खांद्याचं वेगळं. तो उखळीचा सांधा, सगळ्या बाजूंनी फिरतो. त्याला धोका आहे तो न हलवण्याचा. मनगटाला प्लॅस्टर बसलं की हात झोळीत जातो आणि खांदाही महिनाभर गप्प राहतो. मनगट बरं होतं, पण हात वर जात नाही. वेणी घालता येत नाही, सदरा घालताना कुणीतरी लागतं, फळीवरचा डबा निघत नाही. प्लॅस्टर घालतात त्याच दिवशी विचारा, 'खांदा आणि बोटं कधीपासून हलवू?'

मधुमेह असेल तर जास्तच जपा. मधुमेह असलेल्यांचा खांदा काही न लागताही आखडू शकतो. आंघोळीच्या आधी दोन्ही हात वर नेऊन बघा, मग एकेक पाठीमागे. एक हात कमरेशीच अडू लागला, तर दुखणं वाढायची वाट न बघता दाखवून या.