‘नियम वाचायला काय झालं होतं?’

कोरोनाच्या काळात परदेशातून आलेला कुणी क्वारंटाइनच्या भानगडीत अडकला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘नियम वाचायला काय झालं होतं?’ फॅमिली ग्रुपवर काका लिहायचे, न्यूज चॅनेलवर अँकर ओरडायचा. आमच्या ऑफिसच्या कॉलवरही, म्हणजे घरात बसून पूर्ण पगार घेणाऱ्या लोकांच्या कॉलवर, कुणीतरी हमखास म्हणायचं. साथ ओसरली, वाक्य टिकलंय. अजूनही विषय निघाला की ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ इथेच गाडी येऊन थांबते.

माझं म्हणणं उलटं आहे. बहुतेकांनी नियम वाचला होता. पण वाचून पाळता येईल असा तो लिहिलाच नव्हता. आणि न समजणारा नियम लिहिणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, दंड मात्र वाचणाऱ्याला लागला.

परभणीहून हे कसं दिसतं ते आधी पाहा. मुंबईकराला विमानतळ म्हणजे घरापासून टॅक्सी. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या माणसाला विमानतळ म्हणजे रात्रभराचा प्रवास, मुंबईला नाहीतर हैदराबादला. त्या काळात परदेशातून घरी यायचं तर नियम कुणाकुणाचे? ज्या देशातून निघायचं त्याचे, विमान कंपनीचे, दिल्लीतल्या आरोग्य मंत्रालयाचे, ज्या राज्यात उतरायचं त्याचे, मुंबईत उतरलं तर महापालिकेचे, मग जिल्हाधिकाऱ्यांचे. २०२० मध्ये तर शेवटी गावही होतं: वेशीवर बाभळीचे काटे टाकून रस्ता बंद, आणि आलेल्याला १४ दिवस झेडपीच्या शाळेत. एवढे सगळे मालक, आणि दोघांचं जुळलं नाही तर शब्द कुणाचा चालणार, हे प्रवाशाच्या हातातल्या कुठल्याच कागदावर नाही.

कायद्यात तरी असेल असं वाटतं ना? आपला साथरोग कायदा १८९७चा. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईने केलेला, अवघ्या चार कलमांचा. प्रवाशांना तपासायचा आणि अडकवायचा केंद्राचा अधिकार त्यात होता, पण तो जहाजांपुरता. केंद्राच्या त्या अधिकारात विमान, रेल्वे आणि बस आल्या त्या एप्रिल २०२०च्या अध्यादेशाने. म्हणजे पुण्यात पहिला रुग्ण सापडून महिना उलटून गेल्यावर. अडकवण्याचा अधिकार असा दुरुस्त झाला. अडकलेल्याला काय सांगायचं, कुठल्या भाषेत सांगायचं, किती आधी सांगायचं, याबद्दल त्या कायद्यात अक्षर नाही.

आता एक प्रकरण नीट बघू. २०२१च्या नोव्हेंबरअखेर ओमायक्रॉन आला. २८ नोव्हेंबरला केंद्राने सांगितलं: जोखमीच्या यादीतल्या देशांतून येणाऱ्याची विमानतळावर चाचणी होईल, निगेटिव्ह आला तर त्याने ७ दिवस घरी थांबायचं. यादीत ब्रिटनही होतं. ३० नोव्हेंबरला महाराष्ट्र सरकारने सांगितलं: घरी नाही, ७ दिवस संस्थात्मक क्वारंटाइन, आणि दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी चाचणी. १ डिसेंबरला केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्याला पत्र लिहिलं की तुमचा आदेश आमच्या सूचनांशी जुळत नाही, जुळवून घ्या. २ डिसेंबरला राज्याने आदेश बदलला आणि सक्ती दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, झिम्बाब्वे या तीन देशांपुरती ठेवली.

लंडनहून निघालेल्या माणसासाठी याचा अर्थ पाच दिवसांत तीन उत्तरं: घर, हॉटेल, पुन्हा घर. तिकीट काढताना एक, विमानात बसताना दुसरं. आता सांगा, यातला कुठला नियम त्याने वाचायला हवा होता?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एखादा साधा एपीआय बदलायचा असला तरी व्हर्जन नंबर द्यावा लागतो, काय बदललं ते लिहावं लागतं, जुनं कधी बंद होणार ते आधी कळवावं लागतं. नाही केलं तर वापरणारे शिव्या घालतात, आणि त्या आम्हाला घालतात. वापरणाऱ्याला ‘डॉक्युमेंटेशन वाचायला काय झालं होतं’ म्हणणाऱ्या इंजिनिअरला टीममध्ये कुणी फार दिवस ठेवून घेत नाही. पेमेंटच्या एका बटणासाठी आम्ही जी शिस्त पाळतो, ती माणसाला १४ दिवस खोलीत कोंडणाऱ्या आदेशाला लागू नाही?

यावर उत्तर ठरलेलं आहे: ‘विषाणू बदलत होता, नियम बदलणारच.’ बदलू देत की. बदलण्याबद्दल माझी तक्रारच नाही. मानवत आणि सेलूच्या बाजारात कापसाचा भाव रोज बदलतो. संध्याकाळी तो सगळ्यांच्या मोबाइलवर येतो: तारीख, बाजार समिती, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त. मराठीत. चौथी शिकलेला शेतकरी तो वाचून उद्या गाडी कुठे न्यायची ते ठरवतो. रोज बदलणारी गोष्ट रोज समजेल अशी लिहिता येते, आणि ती आपल्याच जिल्ह्यात लिहिली जाते.

कोरोना चालू असतानाच परभणीत दुसरा एक क्वारंटाइन झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला. आदेश काय होता? एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारायच्या, दहा किलोमीटरच्या आत कोंबड्यांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद. दोन आकडे. पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान झालंच, पण आपण आत आहोत की बाहेर, हे विचारायला त्यांना ओळखीचा इंजिनिअर शोधावा लागला नाही.

माणसांना लागला. हे मी ऐकीव सांगत नाही, तो इंजिनिअर मी होतो. गल्फमध्ये एसी दुरुस्तीचं काम करणारा आमच्या जिंतूरकडचा एक ओळखीचा. वडील गंभीर आजारी. तारीख २०२०च्या डिसेंबरअखेरची, आणि २१ डिसेंबरलाच राज्याने जाहीर केलेलं की युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना १४ दिवस संस्थात्मक क्वारंटाइन. स्वखर्चाने. दिवसाला दोन हजारांचं हॉटेल धरलं तरी २८ हजार, म्हणजे जवळपास त्याचा महिन्याचा पगार. पैशाचं जाऊ द्या, वडील १४ दिवस थांबतील याची खात्री कोण देणार?

त्याने मला फोनवर विचारलं, ‘भाऊ, घरचं कुणी सीरियस असलं तर सूट हाय म्हणतेत. खरं हाय का?’ केंद्राच्या सूचनांमध्ये सूट होती. घरात मृत्यू, गंभीर आजार, गरोदरपण, दहा वर्षांच्या आतलं मूल. त्यासाठी एअर सुविधा नावाच्या पोर्टलवर निघण्याच्या ७२ तास आधी अर्ज करायचा. इंग्रजीत. पासपोर्टची प्रत, दवाखान्याचा कागद, सगळं पीडीएफ करून. वडील सीरियस असल्याचा फोन ७२ तास आधी कळवून येत नसतो, हे पोर्टल बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. आणि एवढं करून केंद्राची सूट राज्याच्या नव्या आदेशापुढे टिकते का, हे मी तीन हेल्पलाइनना विचारलं. तीन उत्तरं मिळाली.

मी त्याला हैदराबादचं तिकीट काढून दिलं. महाराष्ट्राचा आदेश मुंबईत उतरणाऱ्याला लागू होता, हैदराबादच्या विमानतळावर तो लागू असण्याचा प्रश्नच नव्हता. निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन तो उतरला, गाडीने घरी आला, १४ दिवस आखाड्यावरच्या खोलीत वेगळा राहिला आणि वडिलांना रोज दारातून बघत राहिला. एकही नियम मोडला नाही. तरीही गावातल्या शिकलेल्या लोकांनी त्याला ‘पळून आलेला’ ठरवलं. ज्या नियमाला वळसा घालणं पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि वळसा कुठून घालायचा हे सांगणारा ओळखीचा असणं एवढीच अट आहे, तो नियम विषाणू अडवत नाही. ओळख नसलेल्यांना अडवतो.

पळणारे नव्हते का? होते. मार्च २०२० मध्ये मुंबईत हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली आणि लगेच जर्मनीहून आलेल्या, शिक्का असलेल्या चौघांना गरीब रथमधून पालघरला उतरवलं. शिक्का असून लोकांनी भरलेल्या गाडीत बसणं चूकच. पण गंमत बघा, त्या सगळ्या काळात प्रवाशाला समजेल असा एकच सरकारी मजकूर निघाला, तो म्हणजे तो शिक्का. त्यावर तारीख होती: अमुक दिवसापर्यंत. अपमानास्पद होता, पण वाचता यायचा. बाकीचे आदेश असे कुठे होते? राज्याची राजभाषा १९६४च्या कायद्याने मराठी, आणि ‘ब्रेक द चेन’चे आदेश मुळात निघायचे इंग्रजीत. मग पत्रकार त्याची मराठी करायचे, मग व्हॉट्सअ‍ॅपवाले त्या मराठीचं काहीतरी भलतंच करायचे, आणि गावापर्यंत पोचायचं ते हे तिसरं.

बाहेरचे देश शहाणे होते अशातला भाग नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने आधी कोविशिल्डच यादीत धरली नाही. ऑक्सफर्डचीच लस, पुण्यात बनलेली. ओरडा झाल्यावर २२ सप्टेंबरला लस मान्य केली, पण भारताचं सर्टिफिकेट मान्य नाही म्हणाले. कोविनच्या सर्टिफिकेटवर वय होतं, पूर्ण जन्मतारीख नव्हती. डेटाबेसमधला एक रकाना! त्यापायी दोन डोस घेतलेल्या माणसाला ४ ऑक्टोबरपासून १० दिवस क्वारंटाइन. कोविनवाल्यांनी जन्मतारखेची सोय केली. भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना १० दिवस बसवलं. ११ ऑक्टोबरला ब्रिटनने माघार घेतली, १३ला आपण. त्या दोन आठवड्यांत विषाणूने काय वेगळं केलं होतं? काहीच नाही. दोन सरकारांचं भांडण चाललं होतं आणि त्याला आरोग्याचा नियम म्हणत होते.

पैशाचं तर याहून वाईट. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली नावाचा एक करार आहे, २००५चा, २००७ पासून लागू. भारत त्यात आहे, ब्रिटनही आहे. त्याचं ४०वं कलम म्हणतं की, कायम किंवा तात्पुरतं राहायला येणारे सोडले तर, प्रवाशाला क्वारंटाइन करण्याचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. वकील त्यातून वाटा काढतील, पण साध्या वाचणाऱ्याला अर्थ स्वच्छ कळतो. प्रत्यक्षात काय झालं? २४ मे २०२०च्या केंद्राच्या सूचनांत १४ पैकी पहिले ७ दिवस स्वखर्चाने. ब्रिटनमध्ये हॉटेलातल्या क्वारंटाइनचे ऑगस्ट २०२१ मध्ये एकट्या प्रवाशाला २२८५ पौंड, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. ‘नियम वाचायला काय झालं होतं’ हा प्रश्न विचारायचाच असेल तर या कलमापासून सुरुवात करा. आणि तो प्रवाशाला विचारू नका.

समजेल असा नियम करताच येत नाही, असंही नाही. तो आधीपासून आहे. आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशातून भारतात यायचं तर लशीचं पिवळं कार्ड लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, २०१६ पासून आयुष्यभर चालतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. संपलं. आफ्रिकेत बोअर मारायला जाणाऱ्या रिगवरच्या पोरालाही हे एकदा सांगितलं की पाठ होतं, कारण बहुतेक जगात ते एकच कार्ड आहे आणि मुंबईत एक, हैदराबादला दुसरं असं त्याचं नाही.

एअर सुविधा २२ नोव्हेंबर २०२२ला बंद झालं. महिनाभराने चीनमध्ये लाट आली आणि १ जानेवारी २०२३ पासून सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी तेच फॉर्म पुन्हा चालू. म्हणजे पुढच्या साथीत हेच घडणार, याच पोर्टलच्या पुढच्या आवृत्तीवर. जागतिक नियमावलीत जून २०२४ मध्ये सुधारणा झाल्या आहेत, त्या सप्टेंबर २०२५ पासून लागूही झाल्या. आपल्या राज्याने काय करायचं हे ठरवायची वेळ साथ नसतानाची आहे, म्हणजे आत्ताची. मागणी फार मोठी नाही. आदेशावर क्रमांक, लागू होण्याची तारीख आणि भारतीय वेळ. कालच्यापेक्षा आज काय बदललं ते दोन ओळींत. केंद्र आणि राज्यात फरक असेल तर कुणाचं चालेल ते. विमानात बसलेल्याला जुना नियम. मजकूर मराठीत, आणि मूळ आदेशच मराठीत. आणि हॉटेलचं बिल ज्याने आदेश काढला त्याच्या नावावर.

तोवर कुणी जिंतूरहून फोन केला तर मी हैदराबादचंच तिकीट काढून देणार आहे.