सांगड

वर्धेत राहणाऱ्या माणसाने शिडाच्या जहाजांवर लिहावे, हा वाचकांना जरा आगाऊपणा वाटेल. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, आणि जे पाणी आहे तेही वैशाखात वाळूखाली तोंड लपवते. मुंबईचा समुद्र पाहायचा तर आगगाडीत एक रात्र काढावी लागते. तरीही एका शर्यतीने माझा पिच्छा सोडलेला नाही. फेब्रुवारी २०१० मधली गोष्ट. वर्धा रोडवरच्या जामठ्याला अमलाने नाबाद २५३ धावा काढून आपल्याला डावाने हरवले होते आणि घरोघरी सुतक होते. त्याच आठवड्यात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या समुद्रात दोन अजस्र जहाजे वाऱ्याची वाट पाहत उभी होती.

शर्यत होती अमेरिका चषकाची. १८५१ साली इंग्लंडच्या वाइट बेटाभोवती झालेल्या शर्यतीत ‘अमेरिका’ नावाच्या जहाजाने यजमानांना हरवले आणि चषक पळवला, तेव्हापासूनची ही चुरस. २००३ मध्ये चषक स्वित्झर्लंडच्या ‘अलिंगी’ चमूकडे गेला. म्हणजे समुद्र नसलेल्या देशाकडे! (हे वाचून मला तरी बरे वाटले.) अलिंगीचा धनी एर्नेस्टो बर्टारेली, औषधांच्या धंद्यातला. त्याला आव्हान द्यायला उभा राहिला ओरॅकल कंपनीचा लॅरी एलिसन.

पण जहाजे पाण्यात उतरण्याआधी वकील उतरले. पुढच्या शर्यतीचे नियम कोणी ठरवायचे, आव्हान देण्याचा अधिकार कोणत्या क्लबाचा, शर्यत कुठे घ्यायची, यावर न्यूयॉर्कच्या कोर्टांत दोन वर्षांहून अधिक काळ खल झाला. आधाराला १८८७ सालचे एक दानपत्र. आमच्याकडे धुऱ्यावरून दोन भाऊ तीन पिढ्या तारखा करतात, तेव्हा आपण त्यांना अडाणी म्हणतो. इथे तर दोन अब्जाधीश शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाची घडी उलगडून भांडत होते. अखेर त्या दानपत्रातल्या मूळ अटींवरच गाडी आली. दोनच जहाजे, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, आणि एका डोलकाठीच्या जहाजाची पाण्याच्या रेषेवरची लांबी ९० फुटांपर्यंत. जहाजाला तळ किती असावेत, याबद्दल दानपत्र गप्प होते. मग काय विचारता! अलिंगीने दोन तळांचे जहाज बांधले, एलिसनच्या चमूने तीन तळांचे.

ती तयारी वाचताना मला आमच्याकडच्या शंकरपटाची आठवण होत होती. तिथेही वर्षभर बैलजोडीला खुराक, मालिश, सराव चालतो, शेजारच्या गावाने नवा खोंड आणला की झोप उडते, आणि सगळे कशासाठी तर काही सेकंदांसाठी. फरक फक्त खर्चाच्या शून्यांचा. अलिंगीचे जहाज जिनिव्हाच्या सरोवरातून उचलून एका प्रचंड रशियन हेलिकॉप्टरने आल्प्सपलीकडे इटलीच्या किनाऱ्यावर नेले. एलिसनच्या जहाजाची डोलकाठी नोव्हेंबर २००९ मध्ये सान दिएगोच्या समुद्रात मोडून पडली. चमू खचला नाही. त्याने कापडी शिडाऐवजी विमानाच्या पंखासारखे ताठ शीड उभे केले. उंची ६८ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी!

आणि शर्यत? ८ फेब्रुवारीचा मुहूर्त वाऱ्याअभावी टळला. १२ आणि १४ फेब्रुवारीला दोन फेऱ्या झाल्या, त्या दोन्ही तीन तळांच्या जहाजाने जिंकल्या. पहिली पंधरा मिनिटांहून अधिक फरकाने, दुसरी पाच मिनिटांहून अधिक. अडीच वर्षांचे भांडण आणि काही तासांचा खेळ. असो. पैसा त्यांचा, हौस त्यांची.

मला त्यातून वेगळेच काही लागले. ही जहाजे एवढी का पळतात? साधे जहाज वाऱ्याने कलंडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली शिशाचे वजन लटकावतात. दोन किंवा तीन तळ अंतर ठेवून एकमेकांना जोडले, की ते वजन लागत नाही. रुंदीच त्याला सावरून धरते. जहाज हलके होते आणि वाऱ्यावर स्वार होते. इंग्रजीत अशा जहाजाला कॅटॅमरान म्हणतात आणि तो शब्द गेला आहे तमिळ ‘कट्टुमरम’वरून. म्हणजे बांधलेली लाकडे. आपल्या कोकणातल्या लहान होडीला एका बाजूला आडव्या दांड्यांवर ओंडका बांधलेला असतो, त्याला उलांडी म्हणतात. आणि दोन नावा किंवा दोन भोपळे एकत्र बांधून नदी उतरायचे साधन करतात, त्याचे मराठी नाव आहे सांगड. आज आपण परंपरेची आणि आधुनिकतेची सांगड घालतो, उत्पन्नाची आणि खर्चाची घालतो, भाषणांत तर कशाचीही कशाशी घालतो. नावेची तेवढी घालत नाही.

मी सांगड पाहिली ती आजीबरोबर. कार्तिकात आर्वीकडून कौंडण्यपूरच्या यात्रेला जायचे म्हणजे वर्धा नदी ओलांडायची. रुक्मिणीचे माहेर पलीकडच्या काठावर. आता तिथे पूल आहे. तेव्हा डोंगा होता, झाडाच्या बुंध्यातून कोरलेला, इतका अरुंद की कोणी शिंकले तरी डुलावा. “माय, मंधात बस, हालू नोको,” असे नावाडी आजीला बजावत असे. पण ऐन यात्रेच्या दिवशी तो आणि त्याचा भाऊ आपापले डोंगे बाजूबाजूला आणीत, मध्ये हातभर जागा सोडून वर बांबू आडवे आवळीत आणि त्यावर माणसे घेत. त्या दिवशी आजी नदीत निवांत पान खात असे. तेच पाणी, तेच डोंगे, तेच नावाडी.

हे आठवायचे कारण आनंदाचे नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातल्या झुंज इथे नाव उलटली. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेल्या गोतावळ्यातली ११ माणसे गेली. जानेवारी २०२४ मध्ये वैनगंगेत, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या ६ बाया बुडाल्या. अशा प्रत्येक वेळी चौकशी होते, मदत जाहीर होते आणि नावाड्याकडे बोट दाखवले जाते. पण जिची रुंदीच माणसे सावरण्याजोगी नाही अशी नाव शेतकऱ्याला, मजुराला आणि शाळकरी पोराला रोज वापरावी लागते, याचा जाब कोणाला विचारायचा? पूल सगळीकडे होणार नाहीत, हे मलाही कळते. दोन नावांची सांगड व्हायला मात्र ना न्यूयॉर्कचे कोर्ट लागते, ना हेलिकॉप्टर.

सांगड म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही सांगतो. मे २०१३ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या खाडीत सरावाच्या वेळी असेच जोडतळाचे शर्यतीचे जहाज उलटले आणि अँड्र्यू सिम्पसन हा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता त्याखाली सापडून गेला. जहाज वेगासाठी ताणले की ते उलटू शकते, आणि जोडतळाचे जहाज एकदा उलटले की आपणहून सरळ होत नाही. शिवाय माणसे बेसुमार भरली तर सांगडही बुडेल. म्हणून रुंद नावेबरोबर भार दाखवणारी रंगाची रेघ हवी आणि माणशी एक जीवरक्षक जाकीट हवे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या नावांसाठी वेगळे प्रकरण आहे, त्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. ती नोंदणी घाटावर येऊन करा, आणि करताना नावाड्याच्या हाती नुसता कागद ठेवू नका; दुसरी नाव द्या, बांबू द्या, दोर द्या. जिल्हा नियोजनाच्या पैशातून प्रवेशद्वारे उभी राहतात, तर हे का होऊ नये?

मागच्या कार्तिकात नदीकाठच्या एका गावी गेलो होतो. पलीकडे शेते आहेत, पूल दूर आहे. काठावर एक डोंगा होता. नावाड्याला मी माझी सांगडीची कल्पना मोठ्या उत्साहाने ऐकवली, वाळूत काडीने आकृतीही काढून दाखवली. त्याने ती शेवटपर्यंत पाहिली.

“आमच्या बाच्या टायमाले बांधत होते जी,” तो म्हणाला. “पन आता दोन डोंगे हायेत कोनाजवळ, गुरुजी? ह्या एकाचंच करज फिटाचं हाय.”