मातीविना शेती, पण सातबारा मात्र हवा!

पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर कुजते आणि जुडीचा भाव कडाडतो. उन्हाळ्यात पालेभाजी करपते, तेव्हाही तेच. अशा दिवसांत आपल्या वस्तीतल्या ताटातून पालेभाजी नाहीशी होते. मॉलमध्ये मात्र लेट्यूस आणि पालक बारा महिने हिरवेगार असतात. यातला बराच माल हायड्रोपोनिक हरितगृहातून येतो.

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीविना शेती. पाइपमधून खत विरघळवलेले पाणी फिरत राहते आणि मुळे त्यातूनच अन्न घेतात. उरलेले पाणी पुन्हा टाकीत येते. त्यामुळे उघड्या शेतापेक्षा फारच कमी पाणी लागते. लेट्यूससारखे पीक रोप लावल्यापासून महिना-दीड महिन्यात काढणीला येते.

ज्यांना पिढ्यान् पिढ्या माती मिळूच दिली नाही, त्यांना याहून सोयीची शेती कोणती? २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र त्यांच्या वहिवाटीखालचे क्षेत्र नऊ टक्क्यांच्याही आत आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये लाखो भूमिहीन सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

आता विज्ञान म्हणते, माती नको. पण योजना काय म्हणते? हरितगृहाच्या अनुदानासाठी स्वतःच्या नावावर जमीन दाखवा, नाहीतर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा आणा! भूमिहीनाने तो आणायचा कुठून? ज्याच्याकडे बागायत आहे, त्यालाच मातीविना शेतीचेही अनुदान. जुनी मक्तेदारी नव्या प्लास्टिकखाली सुरक्षित!

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले होते की, जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल आणि साधने किती, यावर ते ठरते. हायड्रोपोनिक्स हा त्याचा धडधडीत पुरावा आहे. येथे जागा गुंठ्यांत लागते, भांडवल मात्र लाखांत. म्हणून आजचा प्रश्न जमिनीइतकाच भांडवलाचाही आहे.

हे तंत्र केवळ श्रीमंतांचे आहे, असेही कोणी सांगू नये. १९४६ साली बंगालमधील कलिंपाँग भागात शोल्टो डग्लस यांनी खडी-वाळूवर चालणारी साधी, स्वस्त पद्धत उभी केली होती. पुढे ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली गेली.

मात्र आपल्या तरुणांनी डोळे उघडे ठेवावेत. पाइपातल्या शेतीत वीज गेली, पंप थांबला की काही तासांत मुळे सुकतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात हरितगृह थंड ठेवायचा खर्च मोठा आहे. ‘लाखो रुपये भरा, सगळा माल आम्ही उचलू’ असे सांगणाऱ्यांवर लेखी कराराशिवाय विश्वास ठेवू नका. लेट्यूसच्या मागे धावण्याआधी पालक, कोथिंबीर कोण विकत घेणार, हे ठरवा.

मागणी स्पष्ट असावी. बचत गटाला मिनी ट्रॅक्टरसाठी ९० टक्के अनुदान देता येते, तर हरितगृहासाठी का नाही? सातबाऱ्याच्या जागी गटाच्या नावे सार्वजनिक जागेचा दीर्घ भाडेपट्टा द्या. निधी अनुसूचित जाती उपयोजनेतून द्या. पहिले गिऱ्हाईक शासकीय वसतिगृहांच्या खानावळी असू द्यात. गटातल्या बायांनी पिकवावे आणि आपल्याच लेकरांच्या ताटात हिरवी भाजी पडावी.

१९२७ साली महाडला आपण पाण्यावरचा हक्क बजावला. आता पाण्यावरच शेती उभी राहते आहे. तिथेही आपण केवळ रोजंदारीवर भाजी कापायची काय? अधिवेशनांतून, ग्रामसभांतून हा प्रश्न विचारलाच पाहिजे.